व्हॉट्सॲप ग्रुपवर बदनामी झाली तर पोलिस अटक करतात का? कायदा नेमका काय सांगतो

१८ नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी मुंबई आणि आसपासचा परिसर बंद होता. हा बंद कशासाठी, असा प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट पालघरच्या २१ वर्षांच्या तरुणीने टाकली. तिच्या मैत्रिणीने ती लाईक केली. दोघींनाही अटक झाली. पोस्ट टाकणाऱ्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने तोडफोड केली.

पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. कारवाई केली होती ठाणे ग्रामीण पोलिसांनी, म्हणजे शहापूर, मुरबाड आणि तानसा परिसर ज्यांच्या हद्दीत येतो त्याच दलाने. पुढे दोन पोलिस अधिकारी निलंबित झाले आणि पोलिसांना प्रकरण बंद करावं लागलं. या प्रकरणामुळे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ देशभर चर्चेत आलं. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केलं.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पालघरच्या त्या तरुणींवर बदनामीचं कलम लावलेलंच नव्हतं. बदनामीचा फौजदारी गुन्हा वेगळा आहे आणि तो अजूनही कायद्यात आहे. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवायला नकार दिला. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

बदनामी कशाला म्हणतात?

पूर्वी हा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. एखाद्याची प्रतिष्ठा खालावेल असा आरोप, तसा हेतू ठेवून किंवा तसं होईल हे माहीत असताना, शब्दांनी, खुणेने किंवा चित्राने करणं म्हणजे बदनामी. मीम आणि रीलही यात येतात. 'आमचे साहेब फारच प्रामाणिक हो' असा टोमणासुद्धा येऊ शकतो, कारण उपरोधाने केलेला आरोप कायद्याने स्पष्टपणे धरला आहे. मात्र मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचायला हवा. फक्त त्याच व्यक्तीला खासगीत पाठवलेला मेसेज कितीही झोंबणारा असला, तरी तो बदनामी ठरत नाही.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षाही आली आहे.

'पण ते खरंच आहे ना!'

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. कायद्यात दहा अपवाद आहेत. पहिल्याच अपवादानुसार आरोप खरा असून भागत नाही. तो सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. शेजाऱ्याच्या घरातलं भांडण खरं असलं तरी गावच्या ग्रुपवर टाकण्यात कुठलं लोकहित, हे न्यायालयात सांगता यायला हवं.

सार्वजनिक कामाबद्दल मात्र बरीच मोकळीक आहे. तानसा, भातसा, वैतरणा ही धरणं शहापूर तालुक्यात. पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर लागतो. समजा, कोणी लिहिलं, 'या महिन्यात आमच्या पाड्यावर टँकर आला नाही, नोंदवहीत मात्र फेऱ्या दिसतात, ग्रामपंचायतीने खुलासा करावा.' लोकसेवकाच्या कामावर सद्भावनेने मत मांडणं अपवादात बसतं. त्याऐवजी 'अमक्याने टँकरचे पैसे खाल्ले' असं नाव घेऊन लिहिलं, की ते सिद्ध करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. गटविकास अधिकाऱ्यांसारख्या अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रारही अपवादातच मोडते. तीच तक्रार दहा ग्रुपवर फिरवली तर तो आधार उरेलच असं नाही.

पोलिस काय करतात?

बदनामी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. त्यामुळे नुसत्या बदनामीसाठी पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. ठाण्यात एनसी नोंदवली जाते आणि तक्रारदाराला न्यायालयाकडे जायला सांगितलं जातं. अनेकांना ही टाळाटाळ वाटते, पण कायदाच तसा आहे. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करायची असते, तीही तीन वर्षांच्या आत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार न्यायालय दखल घेण्याआधी समोरच्यालाही म्हणणं मांडायची संधी देतं. पुढचा रस्ता लांबचा असतो. शेजारच्या भिवंडीत राहुल गांधींच्या २०१४ च्या भाषणावरून दाखल झालेला बदनामीचा खटला दहा वर्षं उलटूनही सुरूच होता.

मग काही जणांना लगेच अटक कशी होते? सोबत दखलपात्र कलमं जोडली जातात म्हणून. एक जरी कलम दखलपात्र असलं, तरी पोलिस सगळ्या प्रकरणाचा तपास करू शकतात. मे २०२२ मध्ये शरद पवारांबद्दलच्या पोस्टवरून अभिनेत्री केतकी चितळे हिला ठाणे पोलिसांनी अटक केली, तेव्हा बदनामीच्या कलमासोबत दोन गटांत तेढ निर्माण केल्याची कलमंही होती. तक्रार पवारांनी स्वतः केलेली नव्हती. ती सुमारे ४० दिवस तुरुंगात होती.

बनावट खातं काढणं, फोटो मॉर्फ करणं, खासगी किंवा अश्लील फोटो टाकणं यांसाठी दखलपात्र कलमं आहेतच. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून जाहीर अपमान केला तर ॲट्रॉसिटी कायदा लागतो आणि त्यात अटकपूर्व जामिनाला मनाई आहे. ठाकर, कातकरी, वारली वस्ती असलेल्या या तालुक्यांत ग्रुपवर लिहिणाऱ्यांना हे माहीत असायलाच हवं.

फॉरवर्ड करणारा आणि ॲडमिन

'फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड' लिहिल्याने सुटका होत नाही. बदनामीकारक मजकूर रिट्विट करणं हीदेखील बदनामीच ठरू शकते, असं दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अरविंद केजरीवाल यांच्या प्रकरणात म्हटलं. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. ग्रुप ॲडमिनला मात्र दिलासा आहे. समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं होतं.

तक्रार करायची असेल तर मूळ मेसेज डिलीट करू नये. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख, वेळ आणि ग्रुपचं नाव दिसायला हवं. पोस्ट असेल तर तिची लिंकही जपून ठेवावी. न्यायालयात प्रिंट देताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. त्यासाठी ज्याची बदनामी झाली त्याची संमती लागते.