लॅपटॉपचा हरवलेला स्क्रू : आधी माप, मग खरेदी

लॅपटॉपचा पंखा साफ करण्यासाठी वा रॅम वाढविण्यासाठी तळाचे झाकण उघडले जाते आणि ते पुन्हा बसविताना एखादा स्क्रू कमी पडतो. 'एकाने काय बिघडणार', असे म्हणून बहुतेक जण तिकडे दुर्लक्ष करतात. मात्र बिजागरीजवळचा स्क्रू नसेल, तर पडदा उघडताना आणि मिटताना येणारा ताण उरलेल्या स्क्रूंवर पडतो व कालांतराने प्लॅस्टिकला तडा जाऊ शकतो. त्याहून मोठा धोका आहे, तो रिकाम्या जागी हाती येईल तो स्क्रू पिळण्यात.

लॅपटॉपमध्ये सहसा मेट्रिक मापाचे स्क्रू असतात. 'एम २.५ × ५' याचा अर्थ आट्यांचा बाहेरचा व्यास २.५ मिलिमीटर आणि लांबी ५ मिलिमीटर. झाकणासाठी एम २ व एम २.५, तर अडीच इंची हार्ड डिस्कसाठी एम ३ हे माप प्रामुख्याने आढळते. लगतच्या दोन आट्यांमधील अंतर एम २ मध्ये ०.४, एम २.५ मध्ये ०.४५ आणि एम ३ मध्ये ०.५ मिलिमीटर असते. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. पण चुकीचा स्क्रू जोर लावून फिरविल्यास झाकणातील पितळी आटे कायमचे खराब होतात. डेस्कटॉपच्या पेटीचे अनेक स्क्रू इंची मापाचे असल्याने ते येथे चालत नाहीत.

सर्वांत महत्त्वाची ती लांबी. स्क्रू दोन मिलिमीटरने जरी मोठा असला, तरी त्याचे टोक मदरबोर्डमध्ये घुसू शकते किंवा कळफलकाच्या बाजूने वर येऊ शकते. डोके पृष्ठभागावर टेकणारे असेल, तर लांबी डोके वगळून मोजतात. शंकूच्या आकाराचे, आत बुडणारे डोके असेल, तर डोक्यासह मोजतात.

डेल, एचपी, लेनोव्हो आदी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर अनेक मॉडेल्सच्या दुरुस्ती पुस्तिका मिळतात. कोणत्या जागी कोणता स्क्रू, हे त्यांत दिलेले असते. पुस्तिका न मिळाल्यास त्याच झाकणाच्या दुसऱ्या बाजूचा, तशाच जागेवरील स्क्रू काढून व्हर्नियर कॅलिपरने मोजावा. मॅकबुकच्या तळाच्या स्क्रूंना पाच पाकळ्यांची खाच असते. त्यासाठी स्क्रू ड्रायव्हरही वेगळा लागतो.

नमुना सोबत घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्ली गाठावी. दुरुस्ती करणाऱ्यांकडे जुन्या यंत्रांतून काढलेले स्क्रू बहुधा असतात. निरनिराळ्या मापांच्या स्क्रूंची डबी ऑनलाइनही मिळते. दोन लांबींमध्ये शंका असल्यास आखूड स्क्रू निवडावा.

बसविताना स्क्रू आधी किंचित उलटा फिरवावा. आटे जुळल्याचा हलका 'टक' जाणवला, की मग सुलटा पिळावा. अडकल्यास जोर न लावता थांबावे. झाकण मधोमध फुगून बसत नसेल, तर दोष स्क्रूचा नसून बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी लॅपटॉप बंद करून तो जाणकाराकडे न्यावा. पुढच्या वेळी कागदावर तळाचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवल्यास ही शोधाशोध टळेल.