अंगणांतला आवाज

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी वेण्णा नदी उतरत उतरत साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णेला मिळते. तिच्या वाटेवर, डोंगरांच्या कुशींत, जावळी तालुक्याचें मुख्य ठिकाण मेढा हें वसलेलें आहे. १६५६ सालीं शिवाजीमहाराजांनीं चंद्रराव मोऱ्यांपासून जी जावळी घेतली, तिचें नांव या तालुक्यानें जपलें आहे. अशा खोऱ्यांत पावसाळा सरला, वारा पडला, कीं सायंकाळची एखादी हांक फार दूरवर जाते. येथें कोणी आपल्या अंगणांत, आंब्याच्या झाडाखालीं गाणें ऐकण्यासाठीं ध्वनिक्षेपक बसवूं लागला, तर त्याच्या मनांत पहिला प्रश्न बहुधा हाच येतो, कीं याचा आवाज कोठवर पोंचेल? ध्वनिक्षेपकाच्या इतिहासानेंही आरंभीं हाच प्रश्न विचारला होता. त्याहून चांगला प्रश्न त्याला पुढें सुचला.

उघड्यावरच्या आवाजाची व्यवस्था विजेच्या आधींचीच आहे. पुण्यास शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर नगारखाना आहे. नगारा उंचावर ठेवण्याचें कारण उघड आहे. तो आवाज वाड्यापुरता ठेवावयाचा नव्हता. तो गांवानें ऐकावयाचा होता. आवाज जितका दूर जाई, तितका धन्याचा मान मोठा. खोलींतला आवाज भिंतींवर आपटून परततो आणि ऐकणाऱ्याच्या कानीं पुन्हां येतो. उघड्यावर मात्र गेलेला आवाज गेलाच. तेथें अंतर दुप्पट झालें, कीं त्याची पातळी सुमारें ६ डेसिबलनें उतरते. म्हणून दूरवर ऐकवावयाचें तर जवळच्यांचे कान बधिर होतील इतका नाद करावा लागे.

हीच महत्त्वाकांक्षा विजेच्या यंत्रानें उचलली. १९१५ सालीं कॅलिफोर्नियांतील नापा या गांवीं पीटर जेन्सन हा डॅनिश व एडविन प्रिडहम हा अमेरिकन, असे दोघे तंत्रज्ञ एका साध्या घरांत प्रयोग करीत होते. मूळ हेतु टेलिफोन सुधारण्याचा. चुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें वेटोळें हालवून पडद्यास कंप द्यावयाचा, ही त्यांची युक्ति. त्या यंत्राला त्यांनीं फोनोग्राफचा कर्णा जोडला व तो घराच्या छपरावर नेऊन ठेवला. तेव्हां खालीं बोललेले शब्द सुमारें मैलभर दूर उभ्या असलेल्या माणसाला ऐकूं आले. घराबाहेर ध्वनिक्षेपक बसविण्याचा हा अगदीं आरंभींचा प्रसंग होय. पुढें त्यांच्या कंपनीस ‘मॅग्नावॉक्स’, म्हणजे लॅटिन भाषेंत ‘मोठा आवाज’, असें नांव मिळालें. १९ सप्टेंबर १९१९ रोजीं सॅन डिएगो येथें अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनीं याच यंत्राच्या साह्यानें हजारोंच्या समुदायापुढें भाषण केलें. एका माणसाचा कंठ सबंध मैदान भरूं शकतो, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

परंतु मैदान भरणें निराळें आणि अंगण भरणें निराळें. हा भेद अमेरिकेनेंच एका करमणुकीच्या निमित्तानें अनुभविला. ६ जून १९३३ रोजीं न्यू जर्सींतील कॅम्डनजवळ मोटारींत बसूनच चित्रपट पाहण्याचें पहिलें उघडें चित्रपटगृह सुरू झालें. पडद्याजवळ मोठे ध्वनिक्षेपक लावले होते. परिणाम असा झाला, कीं मागल्या मोटारींना शब्द उशिरां पोंचत आणि आसपासच्या रहिवाशांना मात्र न मागतां सारा चित्रपट ऐकावा लागे. तोड निघाली ती १९४० नंतरच्या दशकांत. प्रत्येक मोटारीला एक लहानसा ध्वनिक्षेपक देण्यांत आला व त्याचा आवाज कमीअधिक करण्याची कळ ऐकणाऱ्याच्या हातीं आली. दूरवर ओरडणारा एक कर्णा गेला. जवळून बोलणारे अनेक आले. लहान आकारांत गोड स्वर देणारें यंत्र तयार होतेंच. कारण राइस व केलॉग या अभियंत्यांनीं १९२५ सालीं कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक जगापुढें मांडला होता.

आपल्याकडे याच विचाराचें निराळें रूप दिसलें. आकाशवाणीचें पुणें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. १९५६ सालीं युनेस्कोच्या साह्यानें त्या केंद्रानें सुमारें दीडशें गांवांत रेडिओ ग्रामसभांचा प्रयोग केला. मेढा ज्यांत मोडे, तो तेव्हांचा उत्तर सातारा जिल्हाही त्या क्षेत्रांत होता. आठवड्यांतून दोनदां, प्रत्येक वेळीं अर्धा तास, शेती व आरोग्य यांसारख्या विषयांवर कार्यक्रम होई. मग रेडिओ बंद करून सुमारें वीस मंडळी आपसांत चर्चा करीत. येथें आवाज माणसांमागें धांवत नव्हता. माणसें आवाजाजवळ येऊन बसत होतीं.

अंगणांत ध्वनिक्षेपक बसवितांना हाच धडा कामीं येतो. समजा, कुंपण १६ मीटरांवर आहे. घराच्या भिंतीवर एकच कर्णा लावून कुंपणाजवळच्या बांकावर ६५ डेसिबल ऐकूं यावेत अशी इच्छा असेल, तर कर्ण्यापासून २ मीटरांवर ८३ डेसिबल सोसावे लागतील आणि शेजाऱ्याच्या हद्दींत ६५ शिरतील. उलट, बसण्याच्या जागेभोंवतीं चार लहान ध्वनिक्षेपक झुडुपांत, आंतल्या बाजूस तोंड करून ठेवले आणि प्रत्येकाचा आवाज २ मीटरांवर ६५ ठेवला, तर १६ मीटरांवर एकेकाचा आवाज ४७ पर्यंत उतरतो. चौघांचा मिळूनही तो ५३ च्या घरांत राहतो. लांब तारेंत शक्ति वायां जाऊं नये म्हणून विजेचा दाब रोहित्रानें १०० व्होल्टपर्यंत चढवितात व ध्वनिक्षेपकापाशीं पुन्हां उतरवितात. तार नळींतून जमिनीखालीं न्यावी. जावळीच्या पावसांत कागदी शंकू टिकणार नाहीं. तेथें न भिजणारा प्लास्टिकचा शंकू व पाणी निथळणारी पेटीच हवी.

कायद्यानेंही पुढें हीच मर्यादा आंखली. ध्वनिप्रदूषणाविषयींच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही पातळी ठरलेली आहे. खाजगी यंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या पातळीहून ५ डेसिबलपेक्षां अधिक चढतां कामा नये. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सामान्यतः मनाई आहे. म्हणजे मोजमाप ऐकणाऱ्याच्या खुर्चीशीं होत नाहीं. तें कुंपणाशीं होतें.

नगारखान्यापासून नापाच्या छपरापर्यंत आवाजाचें मोठेपण अंतरानें मोजलें गेलें. अंगणाला तें माप लागू नाहीं. कुंपणापलीकडे कोणी आजारी निजलेलें असतें, कोणी मूल अभ्यास करीत असतें. त्यांनीं गाणें मागितलेलें नसतें. मेढ्याच्या खोऱ्यांत तर वाऱ्यासरशीं आवाज कोठच्या कोठें जाईल. म्हणून तेथें ध्वनिक्षेपक बसविणाऱ्यानें काम संपल्यावर खुर्चींत बसून ऐकण्यापूर्वीं एकदां कुंपणाबाहेर जाऊन उभें राहावें. तेथें वेण्णेचें पाणी ऐकूं आलें, तर यंत्र नीट बसलें असें समजावें.