‘बेशिस्त वर्तन’ कोणी ठरवायचे? मोघम कलमे, पोलिसांचे अधिकार आणि आपले हक्क

नागपुरात चळवळीत वावरणाऱ्या तरुणाच्या कानावर काही शब्द नेहमी पडतात. ‘चॅप्टर लावली’, ‘एकशे एक्कावन्नमध्ये उचलले’, ‘तडीपारीची नोटीस आली’, ‘एकशे दहाखाली दंड भरून सुटला’. या प्रत्येक शब्दामागे कायद्याचे एक कलम आहे. या सगळ्या कलमांत एक साम्य आहे. माणसाने नेमके काय केले म्हणजे ते लागू होते, हे त्यांत पुरेसे स्पष्ट सांगितलेले नाही. ते ठरवणे बऱ्याच अंशी जागेवर उभ्या असलेल्या पोलीस अधिकाऱ्यावर सोपवले आहे. ही कलमे कोणती, न्यायालयांनी त्यांना कुठे लगाम घातला आणि कार्यकर्त्यांनी काय लक्षात ठेवावे, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

कलमे कोणती?

आपल्या राज्यातला मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. पूर्वी त्याचे नाव मुंबई पोलीस अधिनियम होते. त्यातील पुढील कलमांशी आपला वारंवार संबंध येतो.

कलम ११० : रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी असभ्य, दांडगाईचे किंवा बेशिस्त वर्तन करणे.

कलम ११२ : शांतताभंग व्हावा या हेतूने, किंवा ज्यामुळे शांतताभंग होऊ शकेल असे धमकीचे वा अपमानकारक शब्द वापरणे किंवा तसे वागणे.

कलम ६८ व ६९ : कर्तव्य बजावताना पोलिसाने दिलेले वाजवी निर्देश पाळणे प्रत्येकावर बंधनकारक. न पाळणाऱ्याला पोलीस अडवू किंवा हटवू शकतात.

कलम ३७ : मनाई आदेश. पोटकलम ३ खाली जमाव आणि मिरवणुकीवर एका वेळी १५ दिवसांपर्यंत बंदी घालता येते.

कलम ५५ ते ५७ : हद्दपारी, म्हणजेच तडीपारी. ही दोन वर्षांपर्यंत असू शकते.

याशिवाय फौजदारी प्रक्रिया संहितेतील जुनी कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत नव्या क्रमांकांनी आली आहेत. जमावबंदीचे १४४ आता १६३ झाले. आंदोलनापूर्वी ज्याची नोटीस हातात पडते ते १४९ आता १६८ आहे. प्रतिबंधात्मक अटकेचे १५१ आता १७० आहे. ‘चॅप्टर केस’ची १०७, १०९ आणि ११० ही कलमे आता १२६, १२८ आणि १२९ झाली. कलम १७२ नवे आहे. त्यानुसार पोलिसांचे कायदेशीर निर्देश न मानणाऱ्याला ताब्यात घेता येते. त्याला दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते किंवा किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडावे लागते.

मोघमपणा कुठे आहे?

चोरी म्हणजे काय, मारहाण म्हणजे काय, हे कायदा सांगतो. कोर्टात त्या व्याख्येवर वाद घालता येतो. ‘बेशिस्त’ म्हणजे काय, हे कलम ११० सांगत नाही. कलम ११२ मधील ‘शांतताभंग होऊ शकेल’ हे शब्द तर आणखी पुढे जातात. तिथे प्रत्यक्ष भंग झालेला नसला तरी चालते. तो झाला असता असे अधिकाऱ्याला वाटले की कलम लावायला वाट मोकळी होते.

ज्या दिवशी नवे कायदे लागू झाले त्याच १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या कामाविरोधात मोठा जनसमुदाय जमला होता. बांधकाम साहित्याची जाळपोळ झाली आणि सरकारला कामाची स्थगिती जाहीर करावी लागली. जाळपोळ हा स्पष्ट व्याख्या असलेला गुन्हा आहे. पण नुसता जमलेला, घोषणा देणारा माणूस ‘बेशिस्त’ होता की आपला हक्क बजावत होता? याचे उत्तर मोघम कलमात सापडत नाही. ते कलम लावणाऱ्याच्या नजरेत असते.

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आणखी एक अडचण आहे. नागपुरात जमावबंदीचा आदेश काढण्याचे आणि चॅप्टर केस चालवण्याचे दंडाधिकारी अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच आहेत. म्हणजे अहवाल पाठवणारा पोलीस आणि त्यावर सुनावणी घेणाराही पोलीसच.

हे अधिकार कोणावर वापरले जातात, याचे शहरातलेच उदाहरण आहे. मार्च २०२३ मध्ये सी-२० बैठकीच्या तोंडावर नागपूर पोलिसांनी कलम १४४ खाली आदेश काढून चौकाचौकांत आणि सिग्नलवर भीक मागण्यास मनाई केली. १४४ हे तातडीच्या धोक्यासाठीचे कलम. ते शहरातल्या सर्वांत गरीब माणसांना पाहुण्यांच्या नजरेआड करण्यासाठी वापरले गेले, असे आमचे मत आहे.

नागपूरचा जुना गुंडा कायदा

मोघम व्याख्येवरून देशात गाजलेल्या सुरुवातीच्या निकालांपैकी एक आपल्याच भागाशी जोडलेला आहे. नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना १९४६ मध्ये या प्रांताने गुंडा कायदा केला. जिल्हा दंडाधिकाऱ्याला वाटले की तो एखाद्याला गुंड म्हणून जिल्ह्याबाहेर काढू शकत असे. गुंड म्हणजे कोण? दांडगट, मवाली, उनाड आणि सार्वजनिक शांततेला धोकादायक असलेला माणूस. व्याख्या एवढीच होती.

१९६० मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकालपत्र लिहिले. गुंड कोणाला म्हणायचे याची कसोटी कायद्यात नाही, आणि ‘मी गुंड नाही’ हे दाखवण्याची संधीही त्या माणसाला नाही, म्हणून त्यातील हद्दपारीच्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या. समाजकंटकांवर कारवाई करण्याचा सरकारचा हेतू न्यायालयाने चुकीचा ठरवला नव्हता. आक्षेप कसोटीच नसलेल्या अधिकारावर होता.

त्यानंतर न्यायालये काय म्हणाली?

१९६५ मध्ये राममनोहर लोहिया यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी एक सोपे चित्र मांडले. हिदायतुल्ला पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. तीन वर्तुळे एकात एक आहेत असे समजा. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. मोठ्या वर्तुळात घडलेली प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळापर्यंत पोचतेच असे नाही. दोन माणसांचे भांडण म्हणजे साऱ्या समाजाच्या शांततेला धोका नव्हे.

१९७२ मध्ये हिंमतलाल शहा प्रकरणात मुंबई पोलीस अधिनियमाखालचाच एक नियम रद्द झाला. हा कायदा तेव्हा गुजरातेतही लागू होता. अहमदाबादेत रस्त्यावरच्या जाहीर सभेला पोलिसांनी परवानगी नाकारली होती. सभांचे नियमन करता येईल, पण परवानगी कोणत्या कारणाने नाकारायची याचे काहीच मार्गदर्शन न देता तो अधिकार अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॅक्सनव्हिल शहराचा भटकेगिरीविरोधी कायदा मोघमपणाच्या कारणावरून रद्द केला. अशा कायद्यांचा इतिहास तिथे जुना आहे. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतल्या राज्यांनी मुक्त झालेल्या काळ्या लोकांना पकडण्यासाठी ते सर्रास वापरले होते. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींच्या बाबतीत जन्मालाच संशयाचे कारण बनवले. शब्द मोघम असला की त्याचा अर्थ समाजातल्या जुन्या पूर्वग्रहातून भरला जातो, हे दोन्हीकडे दिसते.

२०१५ मध्ये श्रेया सिंघल निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. ‘त्रासदायक’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ अशा शब्दांनी गुन्हा ठरवता येत नाही, हा त्यामागचा एक महत्त्वाचा मुद्दा होता. २०२० मध्ये अनुराधा भसीन निकालात, कायदेशीर मतप्रदर्शन दडपण्यासाठी कलम १४४ वापरता येणार नाही, असे बजावले गेले.

तडीपारीबाबत २०२१ मध्ये अमरावतीच्या, माहिती अधिकार वापरणाऱ्या एका पत्रकारावरील आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातील प्रकरणात, तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे आणि पूर्ण दोन वर्षांसाठी ती का हवी याचे कारण आदेशात दिसले पाहिजे, असे सांगितले.

ऑक्टोबर २०२३ चा निकाल तर आपल्या नागपूर खंडपीठाचा आहे. उमरेड तालुक्यातील एका रिसॉर्टच्या सभागृहात चाललेल्या नाचगाण्यावर पोलिसांनी छापा घालून भारतीय दंड संहितेचे २९४ आणि पोलीस अधिनियमाचे ११० लावले होते. खंडपीठाने गुन्हा रद्द केला. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याला जे अश्लील वाटते ते कायद्याने अश्लील ठरत नाही, आणि असा निर्णय पोलिसांच्या हाती सोडायला आपण तयार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. प्रकरण नाचगाण्याचे होते. तत्त्व मात्र मोर्चातल्या घोषणेलाही तितकेच लागू पडते, असे आम्हाला वाटते.

शांतता कोणी मोडली?

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन लोक शांततेने परतले. नंतर अफवा पसरली आणि सवर्णांच्या जमावाने परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला केला. ‘ज्यामुळे शांतताभंग होऊ शकेल असे वर्तन’ ही आजची कसोटी तिथे लावून पाहा. पाणी पिणाऱ्यांच्या कृतीमुळे दुसरे भडकले, म्हणजे दोष पाणी पिणाऱ्यांचा ठरेल. हक्क बजावणाऱ्याला त्याच्या विरोधकाच्या रागासाठी जबाबदार धरणे, हा या मोघम कलमांतला सर्वांत मोठा धोका आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संवैधानिक मार्ग उपलब्ध असताना असंवैधानिक मार्ग सोडून द्यायला सांगितले. आंदोलकांना हे भाषण नेहमी ऐकवले जाते. पण शांततेने जमणे हा कलम १९(१)(ब) खालचा हक्क आहे, म्हणजे सभा आणि मोर्चा हाच संवैधानिक मार्ग आहे. तो खुला ठेवणे ही सरकारची जबाबदारी.

दुसरी बाजू

पोलिसांची बाजूही समजून घ्यायला हवी. प्रत्येक उपद्रवाची यादी कायद्यात करता येत नाही. विहाराच्या दारात दारू पिऊन गोंधळ घालणारा, शाळकरी मुलींच्या रस्त्यावर टोळके करून बसणारा, यांना हटवण्यासाठी पोलिसांना लवचीक अधिकार लागतात. असा त्रास वस्तीतल्याच लोकांना होतो आणि त्याच तक्रार घेऊन ठाण्यात जातात. कलम ११० ची शिक्षाही मुख्यतः दंडाची आहे.

आणखी एक गोष्ट आपल्यालाच आपल्याशी तपासावी लागेल. आपल्या महापुरुषांचा अवमान झाला की आपणही ‘कडक कलमे लावा’ अशी मागणी करतो. ती मागणी करताना कृत्य नेमके सांगावे. पुतळ्याची विटंबना, जातिवाचक शिवीगाळ, मारहाण यांसाठी स्पष्ट कलमे आहेत. ‘भावना दुखावल्या’ एवढ्यावर कोणालाही आत टाका असे म्हटले, तर उद्या तेच वाक्य आपल्या भाषणाविरुद्ध वापरले जाईल.

म्हणून अधिकार काढून घ्या असे आमचे म्हणणे नाही. कोणते वर्तन, कोणाला कोणता त्रास, आणि समज देऊन काम का भागले नाही, ही तीन उत्तरे लेखी दिल्याशिवाय असे कलम लागू नये, ही आमची मागणी आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाकडेही याच कसोटीने पाहावे.

कार्यकर्त्यांनी काय लक्षात ठेवावे?

१. किरकोळ दंड भरून सुटणे सोपे वाटते. पण दंड भरणे म्हणजे बहुधा गुन्हा कबूल करणे. पोलीस भरती किंवा सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो पुढे येऊ शकतो. सही करण्यापूर्वी वकिलाला विचारा.

२. ‘कोणत्या कलमाखाली, कोणत्या कृत्यासाठी?’ हे नम्रपणे पण स्पष्ट विचारा. अटकेची कारणे कळणे हा संविधानाच्या कलम २२ चा हक्क आहे. ती लेखी आणि समजेल अशा भाषेत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितले आहे.

३. कलम १७० खालची अटक दखलपात्र गुन्ह्याचा बेत रोखण्यासाठी आहे, आणि दुसरा उपायच नसेल तेव्हाची आहे. इतर आधार नसेल तर २४ तासांपलीकडे ठेवता येत नाही.

४. १६८ ची नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे. ती घ्या, तारीख टाका, प्रत जपून ठेवा आणि शांततेच्या हमीचे लेखी उत्तर द्या.

५. चॅप्टर केसमध्ये बॉन्ड देण्यापूर्वी आरोपाचा तपशील मागा. कलम १२६ चा बॉन्ड एक वर्षापर्यंत आणि १२९ चा तीन वर्षांपर्यंत असतो. तो मोडला तर अडचण वाढते.

६. कलम १६३ चा जमावबंदी आदेश मोडल्याच्या गुन्ह्यात संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय कोर्ट दखल घेऊ शकत नाही. हा मुद्दा वकिलाला आवर्जून तपासायला सांगा.

७. अनुसूचित जातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि कोठडीतील कोणीही व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, संविधान चौकात वर्षभर निदर्शने होतात. सामाजिक आंदोलनातले खटले मागे घेण्याचे निर्णय सरकार अधूनमधून काढते. तोपर्यंत तारखांना जाऊन तरुणाची दोन-तीन वर्षे गेलेली असतात, भरतीचे वय उलटलेले असते. कोर्टात शेवटी निर्दोष सुटलो तरी ती वर्षे परत मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक विहारात, प्रत्येक वसतिगृहात या कलमांचे एक तरी वाचन व्हावे, आणि पोलीस ठाण्यात कृत्याचे नाव लेखी मागणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत तयार व्हावा, असे आम्ही सुचवतो.

जय भीम.