लॅटिन, मोडी आणि आमची नरोली

आज जरा लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

माझ्या बहिणीची नात लंडनजवळ शाळेत शिकते. तिला यंदा लॅटिन घ्यायचं आहे. घरच्या ग्रुपवर ही बातमी आली आणि सगळे तुटून पडले. कोणी म्हणालं, मेलेली भाषा, बोलणार कोणाशी? कोणी म्हणालं, त्यापेक्षा कोडिंग शिक. एकाने हात जोडलेला इमोजी टाकला, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. मी त्या दिवशी काही लिहिलं नाही. जे सांगायचं होतं ते ग्रुपवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, लॅटिन आपण रोज बोलतो. मी सिल्वासाला यार्नच्या कंपनीत तीस वर्षं काढली. महिन्याच्या सात तारखेला ज्याची वाट पाहायची तो 'पगार' पोर्तुगीज आहे, आणि पोर्तुगीजमध्ये तो लॅटिनमधून आला. मूळ अर्थ 'शांत करणे', म्हणजे देणेकऱ्याने पैसे देऊन समोरच्याला शांत करायचं. पगार उशिरा झालेल्या महिन्यांत खात्यात काय वातावरण असायचं ते आठवलं की हा अर्थ बरोबर पटतो. चावी, पाव, बांधकामावरचं घमेलं, आणि तुरुंगसुद्धा, सगळी त्याच घरातली मंडळी. पण एवढ्यासाठी कोणी लॅटिनचं व्याकरण घोकावं असं मी म्हणणार नाही. शब्दांच्या गमती अर्ध्या तासात वाचून होतात.

खरी गोष्ट आमच्या नरोलीची आहे. आपल्यातले बरेच जण नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले, पण हे गाव पोर्तुगीजांकडे गेलं कसं, हे विचारलं तर 'युद्धात जिंकलं असेल' असंच उत्तर येतं. युद्धात नाही. १७७९ मध्ये पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. पेशवे सवाई माधवराव तेव्हा लहान, कारभार नाना फडणवीसांच्या हाती. तहाच्या सतराव्या कलमात दमणच्या बाजूची बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगीजांना द्यायचं ठरलं. मग १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी नगर हवेली आणि दादरा त्यांच्याकडे गेले. नरोली नगर हवेलीत.

२८ जुलै १९५४ ला, ऐन पावसाळ्यात, स्वयंसेवकांनी नरोली सोडवली. त्याआधी दादरा आणि त्यानंतर २ ऑगस्टला सिल्वासा. हे आपण दरवर्षी ऐकतो. पुढचं फारसं कोणी सांगत नाही. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं, या गावांवर आमचं सार्वभौमत्व आहे आणि दमणहून तिथे जायची वाट भारताने अडवली. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून छागला बसले होते, आपल्या मुंबई हायकोर्टाचे.

आणि तिथे, हॉलंडमध्ये, जगभरातल्या न्यायाधीशांपुढे प्रश्न आला तो पेशव्यांच्या दफ्तरातल्या एका शब्दाचा. मराठ्यांनी दिलं काय? राज्य दिलं, की नुसता 'सरंजाम' दिला? सरंजाम म्हणजे ठरलेल्या गावांचा महसूल खायचा हक्क. मालकी देणाऱ्याची, मनात आलं तर परत घेणार. कोर्टापुढे सतराव्या कलमाचे वेगवेगळे मजकूर ठेवले गेले, सनदांतले शब्द तपासले गेले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात कोर्टाने मानलं की मराठ्यांचा हेतू जहागीर किंवा सरंजाम देण्याचा होता, सार्वभौमत्व देण्याचा नव्हता.

आता विचार करा, असे कागद वाचायला काय लागतं. भाषा आपलीच, पण लिपी मोडी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. नेहमीचे शब्द अर्धेच लिहून सोडलेले. फारसी शब्द पेरलेले. तारीख तर अरबी आकड्यांत, उलट्या क्रमाने. 'अर्बा समानीन मया व अलफ', म्हणजे चार, ऐंशी, शंभर आणि हजार, ११८४. त्यात ५९९ मिळवले की १७८३. कोणीतरी हे सगळं नेटाने शिकून ठेवलं होतं म्हणून दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी 'सरंजाम' हा शब्द हेगमध्ये उभा करता आला.

पण खरं ते सांगायला हवं. त्या शब्दाने खटला जिंकला नाही. कोर्टाने पुढे म्हटलं की मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी इथलं पोर्तुगीजांचं सार्वभौमत्व प्रत्यक्षात मान्य केलं, आणि स्वतंत्र भारतानेही न बोलता तेच चालू ठेवलं. म्हणून साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट देण्याचा पोर्तुगालचा हक्क मानला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नाही, आणि तेही आठ विरुद्ध सात मतांनी. भारताने त्यात काही चुकीचं केलं नाही, हे नऊ विरुद्ध सहा. म्हणजे कागद बरोबर वाचला तरी वर्षानुवर्षांचा वापर त्याच्यावर भारी पडू शकतो. वाईट वाटतं, पण तसं आहे.

मी रिटायर झाल्यावर मोडी शिकलो, ते ह्या निकालाचं वाचून. अक्षरं तीन आठवड्यांत आली. छापील धडा वाचताना वाटलं, जमलं की! मग खरा कागद समोर आला आणि एक ओळ लावायला पूर्ण दुपार गेली. दोन वर्षं झाली, अजून अडखळतो.

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक मोडी कागद आहे. मूळ गाव वाईजवळ, तिथल्या एका जमिनीचा. आजोबा सांगायचे, हे खरेदीखत. खूप वर्षांपूर्वी गावातल्या कोणीतरी त्यांना तसं वाचून दाखवलं होतं. त्या जमिनीवरून चुलत घराशी बोलणं बंद झालं ते तीन पिढ्या. लग्नाचं आवतण नाही, सुतकालाही जायचं नाही. गेल्या दिवाळीत मी तो कागद लावला. तीनदा लावला, शिकवणाऱ्या सरांनाही दाखवला. ते गहाणखत आहे. जमीन चुलत घराचीच होती. आमच्याकडे नुसती तारण होती.

जमीन कूळकायद्यात केव्हाच गेली, त्यामुळे आता देण्याघेण्यासारखं काही उरलेलं नाही. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, कशाला वाचलंस? नसतं वाचलं तर काय बिघडलं असतं?" त्याला उत्तर देता आलं नाही. आई असती तर तिला सांगायचं धाडस झालं नसतं.

नातीला मी एवढंच कळवलं की लॅटिन जरूर घे, पण मार्कांसाठी घेऊ नकोस, आणि पहिलं वर्ष कंटाळवाणं जाईल. तिने विचारलं, आजोबा, मोडी पण शिकवाल का? म्हटलं, सुट्टीत नरोलीला ये.

चुलत घरातला माझ्या वयाचा एक भाऊ साताऱ्याला असतो. मागच्या रविवारी त्या कागदाचा फोटो आणि मी लावलेला मजकूर, दोन्ही त्याला पाठवलं. दोन निळ्या टिक आल्या आहेत.