खानदेशातील गिरणी कामगार चळवळ
कापसाच्या या मुलखात जळगाव, धुळे व अमळनेर येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. पहाटे भोंगा वाजला की कामगार निघत. पाळी सुटेपर्यंत केसांवर, भुवयांवर रुईचे तंतू साचलेले असत. मुंबईतील १९२८ च्या प्रदीर्घ संपानंतर सरकारने साम्यवादाचा धसका घेतला. मार्च १९२९ मध्ये मीरत कट खटल्यासाठी श्री. अ. डांगे यांच्यासह अनेक कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली. मजुरी व भाकरीच्या मागणीलाच कट ठरवणे हा कामगारांवर उघड अन्याय होता. खानदेशात या चळवळीला साने गुरुजींमुळे वेगळा जिव्हाळा लाभला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील या शिक्षकाने पुढे शेतकरी व गिरणी कामगारांचा कैवार घेतला आणि १९३८ मध्ये तेथूनच ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केले.