कुटुंबासोबत बीचवर जाताय? आधी भरती-ओहोटीची वेळ पाहा

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. भरतीला हीच वाट पाण्याखाली जाते. म्हणूनच मुलं, आजी-आजोबांसोबत कोकणात जाताना बुकिंगआधी कॅलेंडरवर तिथी पाहा.

भरती कधी?
कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे साधारण ३ वाजता पूर्ण भरती. पुढे सुमारे ६ तासांनी पूर्ण ओहोटी. ही वेळ रोज अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं.

काय लक्षात ठेवाल?
हा फक्त अंदाज आहे, नेमकी वेळ स्थानिकांना विचारा. ओसरणारं पाणी आत ओढतं, त्यामुळे मुलांचा हात सोडू नका. किल्ल्यात गेलात, तर पाणी चढायच्या आत परत फिरा.