मरीआईचा गाडा

उंदीर पडले की गाव सोडायचं, एवढं आजीला पक्कं ठाऊक होतं. वेल्ह्याकडच्या तिच्या माहेरी सगळं गाव मग माळावर खोपटांत राहायला जाई. चुली, गुरं, भावकीतली भांडणंसुद्धा माळावर. पण त्याआधी मरीआईचा गाडा निघे. लिंबं, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू वाहून तो वाजतगाजत शिवेपार न्यायचा, पुढच्या गावाच्या हद्दीत सोडायचा आणि मागं न बघता परतायचं. मग पुढच्या गावानं काय करायचं, असं मी विचारलं.

"त्यांच्या म्होरं बी शिव असतीच की," आजी म्हणाली.

1897 साली युरोपातली राष्ट्रं प्लेगवरच्या परिषदेला व्हेनिसला जमली, ती याच विचाराची. आदल्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखला होता. हिंदुस्थानातली जहाजं नि हजचे यात्रेकरू आपल्या बंदरांना रोग लावतील, ही युरोपची धास्ती. इंग्रजांना व्यापार बुडायची. 4 फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला आणि पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर लोकांच्या माजघरांत शिरले. हाँगकाँगमध्ये 1894 साली सैनिकांकरवी घरझडतीचा हाच प्रयोग होऊन गेला होता. पुण्यात तो 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर, रँडवर झाडलेल्या चाफेकरांच्या गोळीपाशी येऊन पोचला.

आमचा भाग तेव्हा शंकरराव पंतसचिवांच्या भोर संस्थानात. तोरणा, राजगड त्यांच्याच हद्दीत. त्यामुळे आमच्याकडचे म्हातारे पुण्यातल्या झडत्यांच्या हकिकती परमुलखातल्यासारख्या सांगत. पुढच्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँनं उंदरावरची पिसू हीच रोगाची वाहक म्हणून दाखवली. सोल्जर माणसांच्या काखेतल्या गाठी चाचपत होते आणि पिसू राहिली होती बिळात! माळावरच्या खोपटांना हे शास्त्र ठाऊक नव्हतं, तरी ती उंदरांपासून लांब होती. पुढं सरकारनंही जबरदस्ती सैल करून गावं बाहेर काढण्यावर आणि हाफकिनच्या लशीवर भिस्त ठेवली.

जुन्यांचं सगळंच बरोबर होतं, असं मात्र नाही. 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, उंदीर पडले नाहीत, त्यामुळे कुणी हललं नाही. ताप माणसांबरोबरच आला. देशात कोटीच्या वर माणसं गेली. आजीला त्यातलं फक्त ऐकीव ठाऊक होतं. सरण रचायला माणूस मिळेना, एवढंच ती सांगे आणि विषय बदले.

2020 साली कोरोनामुळे आमच्या वाटांवर काट्यांची फेसाटी पडली. मुंबईहून आलेल्या सख्ख्या पुतण्यालाही शाळेत चौदा दिवस ठेवलं. न्यूझीलंडनं मार्चमध्ये सीमा मिटल्या, स्वीडननं लहान मुलांच्या शाळा उघड्या ठेवल्या, आपण चार तासांच्या सूचनेवर अख्खा देश बंद केला. मला न्यूझीलंड आणि आमचं गाव एकाच जातीचं वाटलं. त्यांना समुद्र होता, आम्हाला बाभळी.

मग लस आली. पुण्याच्या सीरममधून ती परदेशी जाऊ लागली होती. पण 2021 च्या मार्च-एप्रिलात इथं दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली आणि आफ्रिकेतले देश दुसऱ्या डोसची वाट बघत राहिले. मे महिन्यात ऑनलाइन नोंदणी करून तरुणांचं लसीकरण सुरू झालं. शहरातले स्लॉट मिळेनात, तेव्हा पुण्याच्या गाड्या आमच्याकडच्या लसकेंद्रासमोर लागल्या. गावातली पोरं फाटकाबाहेर उभी होती. टेकाडावर जाऊन रेंज मिळवेपर्यंत त्यांचे नंबर संपलेले असत.